व्हिएतनाममधली युद्धविमानं: हनोईत बघावीत की सायगॉनला?

उनाडवारा
डिसेंबरात व्हिएतनामला निघालोय. मी, बायको आणि पाचवीतला मुलगा. मुंबईहून थेट हनोई, मग दा नांग-होई आन, शेवटी सायगॉन (हो ची मिन्ह सिटी म्हणा हवं तर) आणि तिथून परत. टूरवाल्याच्या कार्यक्रमात हालाँग बे आहे, तो दगडी दिसणाऱ्या हातांवरचा पिवळा पूल आहे, कंदील आहेत, चार ठिकाणी खरेदी आहे. विमान मात्र एकही नाही.

मला लहानपणापासून विमानांचं वेड. मिग (उत्तर व्हिएतनामची सोव्हिएत लढाऊ विमानं), फँटम आणि बी-५२ (अमेरिकेची लढाऊ आणि बाँबफेकी विमानं) ही नावं ज्या युद्धामुळे कानावर पडली, त्या देशात जाऊन फक्त कंदिलांचे फोटो काढून यायचं हे काही पटत नाही. बायकोचं म्हणणं, "लोखंडच बघायचंय तर नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लाल डब्याने जाऊन येऊ."

हनोईत एक अर्धा दिवस आणि सायगॉनला एक अर्धा दिवस मागून घेऊ शकतो. कुठे जावं? मुलाला न्यावं का? नेटवर निम्मे लोक "चुकवू नका" म्हणतात आणि निम्मे "पोरांना नेऊ नका".

तिखटमीठ
वहिनींना +१. नगरला येता-जाता भेळही मिळते.

भिरभिरं
आधी एक सांगतो, कारण अजूनही बरेच जण जुन्या माहितीवर जातात. हनोईचं लष्करी इतिहास संग्रहालय पूर्वी गावातच होतं, दिएन बिएन फू रस्त्यावर, लेनिनच्या पुतळ्यासमोर. पडलेल्या अमेरिकन आणि फ्रेंच विमानांच्या तुकड्यांचा तो उंच ढीग फोटोत बघितला असेल, तो तिथलाच. आता तिथून हललंय. नवी इमारत नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली, शहराच्या पश्चिमेला थांग लाँग हमरस्त्यावर. जुन्या हनोईतल्या हॉटेलातून चालत जायच्या भानगडीत पडू नका, ग्रॅब (तिकडची ॲपवरची टॅक्सी) करा. १८१२ सालचा झेंड्याचा बुरूज मात्र जुन्याच जागी आहे. बुरूज कोण हलवणार?

नव्या ठिकाणी दोन मिग-२१ आहेत, ४३२४ आणि ५१२१. दोन्ही 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून जाहीर केलेली. ४३२४ च्या नाकाजवळ लाल चांदण्या रंगवल्यात, पाडलेल्या प्रत्येक विमानाची एक, एकूण १४. वेगवेगळ्या वैमानिकांनी उडवलेलं एकच विमान, म्हणून हिशोब माणसाच्या नावावर नाही, विमानाच्या अंगावर.

दुसरं ठिकाण ट्रुओंग चिन्ह रस्त्यावरचं हवाई संरक्षण आणि हवाई दलाचं संग्रहालय. तिथे परदेशी पर्यटक तुरळक. मिग-१७, मिग-१९, मिग-२१, क्षेपणास्त्रं, रडार, सगळं अंगणात मांडलेलं. निव्वळ विमानंच बघायची असतील तर माझं मत याला.

आणि हनोईतली लष्करी संग्रहालयं सहसा सोमवारी आणि शुक्रवारी बंद असतात, दुपारी जेवायलाही बंद करतात. साडेअकराला पोचलात तर गेटवरच्या शिपायाशी मैत्री होईल, बाकी काही नाही.

ओझरचा_काका
एचएएलच्या नाशिक विभागात आयुष्य गेलं. मिग-२१ आमच्याकडे ओझरला बनायचं, त्यामुळे हनोईत गेल्यावर सगळे मिसाईलकडे पळाले आणि मी विमानाच्या पोटाखाली वाकून बसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, उठा, लोक बघतायत."

उनाडवारा, तुला दोन गोष्टी सांगतो, त्या पाटीवर लिहिलेल्या नसतात. मिग-२१ दिसलं की आधी काचेचं झाकण बघ. जुन्या पीएफसारख्या जातीत ते पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं, अख्खं पुढे उचललं जातं. पीएफएमपासून पुढे बिजागरी उजव्या बाजूला गेली. पुढची काच तेव्हापासून वेगळी, जागेवर पक्की. झाकण बंद असलं तरी सांध्याची रेघ बघून ओळखता येतं. आपलं टाइप ७७, म्हणजे भारतीय हवाई दलाचं मिग-२१ एफएल, पहिल्या पद्धतीचं होतं.

दुसरं, मागे जा. शेपटीच्या उभ्या पंखाच्या मुळाशी नळकांडं दिसतं का बघ. ते ब्रेकशूटचं, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करणाऱ्या पॅराशूटचं घर. आधीच्या जातींमध्ये ते पोटाखाली असायचं. तिथल्या विमानांवर रंगाचे इतके थर चढलेत की रिव्हेट शोधावे लागतात. दमट हवा आणि उघड्यावर ठेवलेलं विमान, दुसरं काय करणार ते तरी. काही ठिकाणी टायर बसलेत म्हणून खाली लोखंडी घोड्या दिल्यात. मला वाईट वाटलं, पण उभं आहे हेही खूप आहे. आपल्या हवाई दलाने सप्टेंबर २०२५ मध्ये चंदिगडला मिग-२१ ला निरोप दिला. आता आपल्यालाही ते असंच चौथऱ्यावर बघायचंय.

झेंडूची_फुलं
काका, तुम्ही स्वतंत्र धागा काढा. ओझरचा. प्लीज.

कडूकारले
सगळं ठीक, पण तिथल्या पाट्यांवर किती विश्वास ठेवायचा? १९७२ च्या डिसेंबरातल्या अमेरिकन बाँबफेकीत व्हिएतनाम म्हणतं ३४ बी-५२ पाडली, अमेरिका म्हणते १५ गेली. निम्म्याहून जास्त फरक! १४ चांदण्यांचंही तेच असणार. सरकारी प्रचार आहे सगळा. विमानं बघा, पाट्या वाचू नका.

टेलविंड
कडूकारले, आकड्यांत फरक आहे हे खरं. पण हवाई लढाईत दावे फुगणं हा कुठल्या एका देशाचा दुर्गुण नाही. रात्री, ढगात, सेकंदाच्या हिशोबात कोणाचं विमान पेटलं हे कोण सांगणार? खाली तोफा, क्षेपणास्त्रं आणि वर मिग, सगळे एकाच आगीच्या गोळ्यावर हक्क सांगतात.

५१२१ हे त्याचंच उदाहरण. २७ डिसेंबर १९७२ च्या रात्री फाम तुआन यांनी याच विमानातून दोन क्षेपणास्त्रं सोडून बी-५२ पाडलं, असं व्हिएतनाम सांगतं. अमेरिका म्हणते ते सॅमने, म्हणजे जमिनीवरून सोडलेल्या क्षेपणास्त्राने पाडलं. विमान पडलं याबद्दल दोघांचंही दुमत नाही, श्रेय कोणाचं याबद्दल आहे. पाटी वाचायचीच, फक्त ती एका बाजूची साक्ष आहे हे धरून वाचायची.

आणि मिगवाल्यांनी केलं काय हे समजून घेतलं तर पाट्या जास्त रंगतात. त्यांच्याकडे विमानं मोजकी. समोरासमोर गुंतून पडणं परवडणारं नव्हतं. जमिनीवरच्या रडारवरून नियंत्रक सांगेल तसं बाजूने किंवा खालून वळायचं, अमेरिकन तांड्याच्या मागे निघायचं, एक-दोन क्षेपणास्त्रं सोडायची आणि घरचा रस्ता धरायचा. बाँबने लादलेलं अमेरिकन एफ-१०५ मिगला बघून बाँब टाकून देऊन पळालं, तरी काम फत्ते. नुसतं पाडलेल्या विमानांच्या यादीत हे कुठेच दिसत नाही.

उलटही झालं. २ जानेवारी १९६७ ला अमेरिकन वैमानिक रॉबिन ओल्ड्स यांच्या फँटमांनी बाँबवाल्या एफ-१०५ चं सोंग घेतलं, त्याच वाटेने, तशीच रेडिओवरची बोलणी. मिग ढगातून वर आले आणि थेट फँटमांच्या पुढ्यात. अमेरिकनांनी त्या दिवशी सात मिग-२१ पाडल्याचा दावा केला.

सातारी_कंदी
म्हणजे गनिमी कावाच की. डोंगराऐवजी ढग.

टेलविंड
येणार येणार म्हणून वाटच बघत होतो या प्रतिसादाची :)

ओझरचा_काका
फाम तुआन यांचं अजून एक. १९८० मध्ये सोव्हिएत सोयुझमधून ते अंतराळात गेले. त्याच इंटरकॉसमॉस कार्यक्रमातून १९८४ ला आपले राकेश शर्मा. दोघेही मिग-२१ चे वैमानिक. शर्मा पुढे एचएएलमध्ये चाचणी वैमानिक होते, आमच्या ओझरलाच.

रुक्मिणी_ठाणे
मुलांच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, विमानांतच रमलेत सगळे. म्हणून लिहिते.

आम्ही सायगॉनच्या युद्ध अवशेष संग्रहालयात गेलो होतो, वो वान तान रस्त्यावर. तिकीट ४० हजार डाँग, म्हणजे दीडशे रुपयांच्या आतबाहेर. अंगणात शिरलं की चिनूक आणि ह्युई हेलिकॉप्टरं, स्कायरेडर, ए-३७, एफ-५ ही लढाऊ विमानं, छोटं टेहळणीचं बर्ड डॉग. शिवाय रणगाडे, तोफा आणि एक भलामोठा बाँब. पोरं एकदम खूश. माझा भाऊ प्रत्येक विमानासमोर पोझ देत होता.

मग आम्ही आत गेलो. आत फोटो आहेत. मेलेल्या माणसांचे, जळलेल्या मुलांचे आणि एजंट ऑरेंजमुळे (अमेरिकेने जंगलांवर फवारलेलं विषारी रसायन) व्यंग घेऊन जन्मलेल्यांचे. भाचा नऊ वर्षांचा. एका फोटोसमोर थांबून त्याने विचारलं, "हे बाहेरच्या विमानाने केलं का?" भावाने "चल, आइस्क्रीम खाऊ" म्हणून त्याला बाहेर नेलं. बाहेर आल्यावर तो परत ह्युईजवळ काही गेला नाही.

न्यायचंच असेल तर अंगण दाखवा आणि तुम्ही दोघं आळीपाळीने आत जाऊन या. आवारात तुरुंगातल्या 'वाघाच्या पिंजऱ्यां'ची प्रतिकृतीही आहे, तिकडेही लक्ष ठेवा.

नाकीनऊ
रुक्मिणीताई, आदर ठेवून असहमत. पोरं मोबाइलवर दिवसभर गोळ्या घालत असतात. गोळी लागल्यावर काय होतं ते एकदा दिसू दे की.

रुक्मिणी_ठाणे
@नाकीनऊ, दिसू दे, पण वय बघून. तुमची किती वर्षांची?

नाकीनऊ
मला मुलं नाहीत.

तिखटमीठ
_/\_

भिरभिरं
हसून झालं असेल तर मधला मार्ग सांगतो. हनोईत हू तिएप तलाव आहे, न्गोक हा वस्तीत. तलाव कसला, डबकंच. चहूबाजूंनी चिंचोळ्या घरांच्या गल्ल्या, बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे आणि मधे हिरव्या पाण्यातून बी-५२ चे तुकडे वर आलेले. २७ डिसेंबर १९७२ च्या रात्री पडलं ते तिथेच राहू दिलं. तिकीट नाही, रांग नाही. मी गेलो तेव्हा काठावर एक आजी भाजी निवडत बसल्या होत्या, तलावाकडे पाठ करून.

तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर बी-५२ विजय संग्रहालय आहे, डोई कान रस्त्यावर. तिथेही अंगणात बी-५२ चे अवशेष. पाचवीतल्या मुलाला हे दोन्ही बिनधास्त दाखवा.

कडूकारले
आणि हनोईतला खाम थिएन रस्ता? २६ डिसेंबर १९७२ ला तिथे बाँब पडले, तिथे स्मारक आहे. विमानाचा तुकडा बघून यायचं आणि ते विमान काय टाकत होतं ते नाही बघायचं का?

टेलविंड
कडूकारले, आता तुम्हीच पाट्या वाचायला लावताय!

कडूकारले
प्रचार आहे म्हटलं होतं, खोटं आहे म्हटलं नव्हतं.

चक्रधर_सॅन_होजे
बराच वेळ वाचतोय. एक बाजू अजून आलीच नाही. सायगॉनच्या अंगणातली विमानं बघून लोक "अमेरिकन विमानं" म्हणतात. खुणाही अमेरिकन रंगवल्यात. पण एफ-५ अमेरिकेच्या हवाई दलाने तिथे थोडाच काळ वापरून बघितलं, ते चालवलं मुख्यतः अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामच्या हवाई दलाने. ए-३७ आणि स्कायरेडरही त्यांच्याकडे भरपूर होती. एप्रिल १९७५ मध्ये सायगॉन पडलं तेव्हा हे सगळं धावपट्ट्यांवर तसंच सापडलं. विजेत्यांनी त्यातली काही स्वतः वापरली, काही एफ-५ अभ्यासायला सोव्हिएत गोटात पाठवली आणि काही संग्रहालयात मांडली. त्या वैमानिकांचा उल्लेख मला तरी तिथे कुठेच सापडला नाही.

आमच्याकडे सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती मोठी. शेजारचे काका तिकडच्या हवाई दलात मेकॅनिक होते. मी सायगॉनला जाऊन आल्यावर मोठ्या उत्साहात त्यांना फोटो दाखवले. ए-३७ चा फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "हा रंग आमचा नाही." पुढे विषय बदलला, घरच्या लिंबाच्या झाडावर गेले.

बर्ड डॉगसमोर मात्र जरूर थांबा. २९ एप्रिल १९७५ ला मेजर बुआंग नावाच्या दक्षिण व्हिएतनामी वैमानिकाने असल्याच दोन जणांच्या विमानात बायको आणि पाच मुलं कोंबली आणि समुद्रावर निघाला. मिडवे ही अमेरिकन विमानवाहू नौका दिसली. त्याने चिठ्ठी लिहून वरून टाकली, "डेक मोकळा करा, मला उतरायचंय." नौकेच्या कप्तानाने जागा करायला हेलिकॉप्टरं समुद्रात ढकलायला लावली. डेकवर विमान अडवायला लागतो तो आकडा नाही, दोरी नाही, असा तो उतरला. ते विमान आता फ्लोरिडात पेन्साकोलाच्या संग्रहालयात आहे. सायगॉनमधलं बघताना आत सात माणसं कशी बसली असतील एवढं डोळ्यांसमोर आणा.

झेंडूची_फुलं
बापरे. अंगावर काटा आला.

सातारी_कंदी
वडापची आठवण आली. माफ करा.

टेलविंड
चक्रधर, मस्त लिहिलंत. त्याच एफ-५ ची दुसरी गोष्ट सायगॉनच्या स्वातंत्र्य महालात आहे. ८ एप्रिल १९७५ ला दक्षिणेच्याच हवाई दलातला न्गुयेन थान्ह त्रुंग हा वैमानिक, जो आतून उत्तरेचा माणूस होता, एफ-५ घेऊन उडाला आणि राष्ट्राध्यक्षांच्या महालावर बाँब टाकून पसार झाला. महालाच्या गच्चीवर बाँब पडलेल्या जागी लाल वर्तुळं काढलीत, शेजारीच हेलिपॅडवर ह्युई उभं. खाली बागेत एफ-५ ठेवलंय. पुढे २८ एप्रिलला हाच माणूस ताब्यात आलेली ए-३७ घेऊन तान सोन न्हुत विमानतळावर तुटून पडला.

आपल्याकडच्या वाचकांना पटकन आठवेल ते ढाक्याचं गव्हर्नर हाउस. १४ डिसेंबर १९७१, आपल्या मिग-२१ नी रॉकेट्स मारली, आत बैठक चालू होती. काका, ती टाइप ७७ च ना?

ओझरचा_काका
टाइप ७७ च. त्यात अंगची तोफ नव्हती, म्हणून पोटाखाली वेगळा गनपॉड लावायचे. ढाक्याला काम रॉकेट्सनी केलं.

मेतकूटभात
जरा विषयांतर. शाकाहारी लोकांचं तिकडे कसं काय? आम्हाला पुढच्या वर्षी जायचंय आणि सासूबाई कांदाही खात नाहीत.

रुक्मिणी_ठाणे
'चाय' लिहिलेली पाटी शोधा, प्यायचा चहा नव्हे. बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानावळ. अमावास्या-पौर्णिमेला तिथे जास्तच गर्दी. बऱ्याच बौद्ध खानावळींत कांदा-लसूणही टाळतात, सासूबाईंचं नशीब जोरावर आहे. इतर ठिकाणी "व्हेज" म्हणून दिलेल्या सुपातही माशाचा सॉस असू शकतो, तेवढं विचारून घ्या.

नाकीनऊ
विमानांच्या धाग्यात अखेर जेवण आलंच. मराठी माणूस!

तिखटमीठ
मी तर पहिल्याच प्रतिसादात भेळ आणली होती.

पायवाट
कोणी ह्युए शहरात थांबणार असेल तर तिथून एका दिवसात खे सान्ह होतं. ता कोन धावपट्टीच्या जागी मालवाहू सी-१३०, चिनूक आणि ह्युई उभी आहेत, आजूबाजूला लाल माती आणि कॉफीची झाडं. १९६८ मध्ये इथल्या अमेरिकन तळाला वेढा पडला होता, रसद विमानांनीच यायची. गर्दी नसते. फक्त प्रवास लांबचा, गाडीत पोरं कंटाळतील.

उनाडवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बायकोलाही वाचून दाखवलं. बर्ड डॉगवर तिने मोबाइल हातातून घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं. आता नगरचा विषय बंद आहे.

साधारण असं ठरतंय: हनोईत गुरुवारी सकाळी ट्रुओंग चिन्ह, दुपारी हू तिएप तलाव आणि बी-५२ संग्रहालय. नवं संग्रहालय लांब पडतंय म्हणून सोडावं का? सायगॉनला आधी महाल, मग संग्रहालयाचं अंगण. आत आम्ही दोघं आळीपाळीने जाऊ. मुलाला विचारणार आहे, त्याला यायचंय का. आधी काय आहे ते सांगून.

भिरभिरं
नवं सोडू नका. तलाव आणि बी-५२ संग्रहालय एकाच भागात आहेत, दोन्ही मिळून दीड-दोन तासांत होतील, पण संग्रहालय दुपारच्या सुटीनंतर उघडेल तेव्हाच जा. ४३२४ आणि ५१२१ बघायला वेगळी सकाळ काढा. हालाँगहून परतायचा दिवस कोणता आहे?

उनाडवारा
शनिवार. रविवारी दुपारचं दा नांगचं विमान.

भिरभिरं
मग रविवारी सकाळी उघडताच आत शिरा, सामान गाडीतच ठेवून. तिथून विमानतळ गाठायला दीड तास हाताशी ठेवा. मात्र रविवारी स्थानिक शाळकरी पोरांची झुंबड असते, मिगसमोर एकट्याचा फोटो मिळेल अशी आशा धरू नका.

ओझरचा_काका
फोटो मागून काढ. पुढून सगळेच काढतात. आणि ब्रेकशूटचं नळकांडं नीट येऊ दे, इथे टाक.

मेतकूटभात
दा नांगला काही आहे का? आमचा मुक्काम तिथेच जास्त आहे.

पायवाट
पाचव्या लष्करी विभागाचं संग्रहालय आहे, चाम शिल्पांच्या संग्रहालयापासून फार लांब नाही. अंगणात विमानं, हेलिकॉप्टर, तोफा. एका तासात होतं. सकाळी लवकर जा, दुपारी पत्रा इतका तापतो की जवळ उभं राहवत नाही.